मधलं कपाट

आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात शिरलात, की एका कोपऱ्यात बालविभाग दिसतो. बुटकी कपाटं, इसाप, बिरबल, तेनालीराम, शिवण सुटलेली परीकथांची पुस्तकं. पलीकडे देवघेवीचं टेबल आणि त्याच्यामागे मोठ्यांची कपाटं. बालविभागातली गोष्ट पाच मिनिटांत संपायला लागली आणि मोठ्यांच्या कपाटाशी गेल्यावर कुणीतरी हटकायला लागलं, की खुशाल समजावं, आपल्याला तेरावं लागलं. मला ते असंच कळलं. भयकथाकार नारायण धारपांची एक कादंबरी मी टेबलावर ठेवली, तेव्हा टेबलामागच्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पुस्तक उचलून स्वतःच्या बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "बाबांना घेऊन ये." बाबांना मी अर्थातच नेलं नाही. आत्याच्या नावावर कार्ड होतं, त्यावर धारपांच्या ‘समर्थ’ कथांचा फडशा पाडला. तोही भर दुपारी, कारण रात्री वाचायची हिंमत नव्हती.

पुढे हॅरी पॉटर हातात आला तेव्हा मला हे काका पुन्हा भेटले. हॉगवर्ट्स या त्याच्या जादूच्या शाळेच्या ग्रंथालयात एक प्रतिबंधित विभाग आहे. शिक्षकाच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय तिथलं पुस्तक मिळत नाही. हॅरी अदृश्य करणारा झगा पांघरून रात्री तिथे घुसतो. माझा झगा म्हणजे आत्याचं कार्ड.

आज बोलायचंय ते बालविभाग आणि मोठ्यांची कपाटं यांच्यामधल्या कपाटाबद्दल. साधारण बारा ते अठरा या वयासाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्या, ज्यांना इंग्रजीत ‘यंग अ‍ॅडल्ट फँटसी’ म्हणतात, त्या या कपाटातल्या. हे कपाट प्रकाशकांनी विक्रीसाठी शोधून काढलं असा एक समज आहे. तसं नाही. ते आधी मांडलं ग्रंथपालांनी, आणि त्यातही बायकांनी.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मेबल विल्यम्स नावाच्या बाई पहिल्या महायुद्धानंतर लगेच किशोरवयीन वाचकांचं काम बघायला लागल्या. १९२९ पासून या ग्रंथालयाने या वयासाठी पुस्तकांची वेगळी यादी काढायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशकं ती दरवर्षी निघत राहिली. बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स होत्या. त्यांची शिस्त अशी, की या विभागात काम करणाऱ्याने कपाटातली पुस्तकं स्वतः वाचलेली असली पाहिजेत. न वाचलेलं पुस्तक पोरांना कुठल्या तोंडाने द्यायचं? दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तर या बाईंनी घोडागाडी भाड्याने घेतली आणि पुस्तकं भरून वस्त्यावस्त्यांतून हिंडवली. पुढे १९६९ मध्ये त्यांनी या कामावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात एक सुंदर बाग आहे आणि श्वापदांची झुंड आहे. बाग म्हणजे ग्रंथालय. झुंड कोणाची ते चौदा वर्षांचं मूल घरी असलेल्यांना सांगायला नको.

गंमत बघा, हे कपाट उभं राहिलं तेव्हा त्यात ठेवायला खास त्या वयासाठी लिहिलेलं फारसं काही नव्हतं. मोठ्यांच्या पुस्तकांतून निवडून भरावं लागे. कपाट आधी आलं, लेखक मागून आले.

त्या लेखकांतली माझी सगळ्यात आवडती म्हणजे उर्सुला ले ग्विन. १९६७ च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या एका लहान प्रकाशकाने तिला विचारलं, जरा मोठ्या मुलांसाठी काही लिहाल का? ती विचार करत बसली. गोष्टींतले जादूगार सगळे पांढऱ्या दाढीचे म्हातारे. पण ते जन्मतः म्हातारे नसणार. मग तरुणपणी ते ही विद्या शिकले कुठे? या एका प्रश्नातून १९६८ मध्ये ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आलं. त्यात जादू शिकवणारी शाळा आहे, हॉगवर्ट्सच्या जवळपास तीस वर्षं आधी.

अर्थसी हा बेटांचा प्रदेश. तिथे प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. गेड नावाच्या शेळ्या राखणाऱ्या पोराला तेराव्या वर्षी थंडगार झऱ्याच्या पाण्यातून चालावं लागतं. पलीकडच्या काठावर गुरू त्याच्या कानात त्याचं खरं नाव सांगतो. आपल्या वाचकाला इथे मुंज आठवल्याशिवाय राहत नाही. कानातला मंत्र तोच, वयही थोडं इकडेतिकडे. पुढे हा गेड शाळेत वरच्या मुलाशी पैज लावून, निव्वळ तोऱ्यापायी, एक काळी सावली जगात मोकळी सोडतो. निम्मं पुस्तक तो तिच्यापासून पळतो आणि मग वळून तिच्याच मागे लागतो. शेवट मी सांगणार नाही, पण तिथे लढाई होऊन दुष्टाचा नायनाट वगैरे काही नाही. ले ग्विनने आणखी एक गोष्ट जाणूनबुजून केली. गेडचा रंग तिने तांबूस सावळा लिहिला. मुखपृष्ठ काढणाऱ्यांनी मात्र वर्षानुवर्षं त्याला गोरा रंगवला आणि ती त्यावर कायम चिडत राहिली.

तेराव्या-चौदाव्या वर्षी अद्भुतच का लागतं, याचं माझं उत्तर साधं आहे. त्या वयात स्वतःचंच शरीर रूप बदलत असतं, आवाज फुटलेला असतो, आणि मोठी माणसं खरं सांगत नाहीत हे नुकतंच कळलेलं असतं. अशा मुलाला सावली पाठीमागे लागल्याची गोष्ट अजिबात खोटी वाटत नाही. या प्रकारात कचराही पुष्कळ आहे, हेही सांगून टाकतो. एक मालिका चालली की तिच्या साच्यातून पन्नास निघतात: अनाथ मुलगा, भविष्यवाणी, तलवार. म्हणून तर वाचून निवडणारा ग्रंथपाल लागतो.

आणि निवडणं ही मंडळी गंभीरपणे करतात. अमेरिकेत मुलांच्या साहित्याचं न्यूबेरी पदक १९२२ पासून आणि ब्रिटनमध्ये कार्नेगी पदक १९३६ पासून दिलं जातं. दोन्ही ग्रंथपालांच्या संघटना देतात. मॅडलिन लेंगल या लेखिकेची ‘अ रिंकल इन टाइम’ ही कादंबरी पंचवीसेक प्रकाशकांनी परत पाठवली होती. मुलांसाठी फार अवघड, हीच तक्रार. १९६२ मध्ये ती अखेर छापली गेली आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांनी तिला न्यूबेरी दिलं. टेरी प्रॅचेट हा इंग्लंडमधला भन्नाट विनोदी लेखक, तो लहानपणी गावच्या ग्रंथालयात शनिवारी मदतनीस म्हणून जायचा. त्याच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतला ग्रंथपाल जादूच्या अपघाताने ओरांगउटान होतो आणि परत माणूस व्हायला साफ नकार देतो. लांब हातांनी वरच्या फळ्या गाठता येतात, शिडी लागत नाही! असा ग्रंथपाल आमच्या गावाला असता तर मी बाबांना घेऊनही गेलो असतो.

आता एक आकडा सांगतो. जून १९९७ मध्ये हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा कडक बांधणीच्या प्रती छापल्या होत्या फक्त ५००. त्यातल्या सुमारे ३०० ग्रंथालयांकडे गेल्या. लेखिकेचं नाव कुणाला माहीत नव्हतं, दुकानदार किती प्रती ठेवणार? पहिल्या वाचकांतल्या पुष्कळांनी हे पुस्तक शिक्का मारलेलं, पाठीमागे तारखांची चिठ्ठी डकवलेलं वाचलं. त्याच प्रती आता लिलावात लाखोंनी विकल्या जातात, शिक्क्यासकट. पुढे अमेरिकेत ‘हे जादूटोणा शिकवतं, काढून टाका’ अशा तक्रारी झाल्या. २००० ते २००९ या दहा वर्षांत अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या नोंदीनुसार सर्वाधिक आक्षेप याच मालिकेवर आले. तरी ग्रंथपालांनी पुस्तकं जागेवर ठेवली. आपल्याकडे जादूटोण्याची तक्रार कुणी करत नाही. आपली तक्रार वेगळी: "अभ्यासाचं काय?"

या प्रकाराला ग्रंथालयच का लागतं, त्यामागे घरगुती हिशेबही आहे. अद्भुत कादंबरी एकटी येत नाही. तीन, पाच, सात भाग. तेरा वर्षांच्या मुलाच्या खिशात तेवढे पैसे नसतात आणि ज्यांच्या खिशात असतात त्यांना तिसरा भाग कशाला हवा ते कळत नाही. शिवाय विकत आणलेलं पुस्तक अर्धवट टाकता येत नाही. "चारशे रुपये मोजलेत, पुरं कर!" वाचनालयातलं पुस्तक वीस पानांनंतर परत करता येतं, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. या वयात आवड अशीच ठरते, टाकून टाकून.

मराठीत अद्भुताची वानवा नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडून कायमचे अपंग झालेले नाथमाधव अंथरुणावर पडल्या पडल्या वाचत सुटले, त्यातून लिहायला लागले आणि त्यांनी ‘वीरधवल’ दिली. शंभर वर्षांपूर्वीची पोरं त्या कादंबरीसाठी जेवण विसरत. त्या पुस्तकांवर मुलांचं की मोठ्यांचं असं कुणी लिहिलेलं नव्हतं. आज ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत आहे. टॉल्कीनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आणली आहे. मूळ मराठीत या वयासाठी अद्भुत लिहिणारे मात्र थोडे, आणि हे मला खटकतं. कपाट आधी आणि लेखक मागून, हा क्रम इथेही लागू पडेल असं माझं मत आहे.

कपाटाची सोय आपल्याला नवीन नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं, मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग काढला आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यापाड्यांत पाठवली. अशीच पेटी २००९ पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात फिरते आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदान मिळणारी, अ, ब, क, ड वर्गांतली हजारो वाचनालयं महाराष्ट्रात आहेत. त्यांतल्या पुष्कळांना बालविभागही आहे. फक्त मधल्या वयाचं कपाट क्वचित दिसतं, आणि त्याला एक रिकामी फळी आणि पन्नासेक पुस्तकं पुरतात.

तेव्हा वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असलेल्या श्रोत्यांना विनंती, पुढच्या खरेदीच्या यादीत ही पन्नास पुस्तकं घाला आणि फळीवर ‘कुमार विभाग’ अशी पाटी लावा. आणि घरात तेरा-चौदाचं कुणी असेल, तर या रविवारी त्याला वाचनालयात घेऊन जा, अनामत भरा, पहिल्या महिन्याची वर्गणी भरा. पावती मात्र तुमच्या नावावर करू नका, त्याच्या नावावर करा.