तक्रार लिहून घ्या



साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून अध्यक्षाने भाषेच्या भवितव्याची चिंता करावी, असा रिवाज आहे. मी आज पोलिसांविषयी बोलणार आहे. बंदोबस्तावरच्या मंडळींनीही ते ऐकावं.

आपण बसलो आहोत त्या अकोल्यात 13 मे 2023 च्या रात्री दंगल झाली. निमित्त होतं समाजमाध्यमावरचा एक मजकूर. त्या रात्री रिक्षा चालवणाऱ्या एका माणसाचा जीव गेला आणि 17 वर्षांच्या एका पोराच्या डोक्यावर जबर वार झाला. रिक्षावाल्याला मारताना मी पाहिलं, म्हणून माझ्यावर हल्ला झाला, असं त्या पोराचं म्हणणं. तो दवाखान्यात पडून होता, त्याची खबर ठाण्याला होती. पण त्याच्यावरच्या हल्ल्याचा गुन्हा दाखल झाला नाही. बापाने पोलीस अधीक्षकांकडे अर्ज दिला. काही हललं नाही. मग केलेली याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2024 मध्ये फेटाळली. शेवटी 11 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, विशेष पथक नेमायला सांगितलं आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या पोलिसांवर शिस्तभंगाची कारवाई करा असंही बजावलं. अंगावर वर्दी चढली की जात, धर्म, सगळे पूर्वग्रह उतरवून ठेवायचे असतात, असं न्यायालय म्हणालं. पथकात कोणत्या धर्माचे अधिकारी असावेत यावर पुढे सरकारने फेरविचार मागितला आणि न्यायमूर्तींचीही मतं विभागली. त्या वादाचं काय व्हायचं ते होवो. माझा प्रश्न आधीचा आहे: एक गुन्हा नोंदवून घ्यायला जवळपास 28 महिने आणि दिल्लीपर्यंतची वाट काऊन लागावी?

कायदा तर स्वच्छ आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2013 मध्येच सांगून ठेवलं आहे.

हा एकाच धर्माच्या माणसाचा प्रश्न आहे, असं कोणी समजत असेल तर त्याने अमरावतीकडे पाहावं. 21 जून 2022 च्या रात्री तिथे एका औषध दुकानदाराची हत्या झाली. सुरुवातीला लुटीची शक्यता सांगितली गेली. पुढे आरोपी अमरावती पोलिसांनीच पकडले, हे मान्य. पण खरं कारण लोकांसमोर यायला उशीर का झाला, असं शहर विचारत राहिलं आणि जुलैच्या सुरुवातीला तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. अकोल्यातला तो पोरगा मुसलमान, अमरावतीतला दुकानदार हिंदू. आपल्या माणसाचं प्रकरण आलं की पोलिसांना जाब विचारायचा आणि दुसऱ्याचं आलं की पोलिसांची पाठ थोपटायची, हा धंदा आपण बंद केला पाहिजे. अर्धा दोष आपल्या या निवडक संतापाचा आहे.

टीकेने पोलिसांचं मनोबल खचतं, असं सांगणारे या सभागृहातही असतील. त्यांना मी देसाईगंजची आठवण करून देतो. 1972 मध्ये आपल्याच विदर्भातल्या त्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. आरोपी पोलीसच होते. मथुरा प्रकरण म्हणून देश ते ओळखतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पोलिसांना निर्दोष सोडलं. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. चौघांच्या हाती लेखणीशिवाय काही नव्हतं. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक तरतूद आली. त्या चौघांनी मनोबलाचा विचार करून तोंड शिवलं असतं तर?

शिपायाचे हाल मला दिसतात. बारा-बारा तास ड्युटी, सण नाही, सुटी नाही. त्याच्यासाठीही आपण भांडलं पाहिजे. पण त्याच्या थकव्याची किंमत एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसून का द्यावी? ‘ठाणेदार साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या’ म्हणून त्याला परत धाडायचं, नाहीतर अदखलपात्र नोंद करून कागद हाती द्यायचा. त्याने आवाज चढवला की सरकारी कामात अडथळ्याच्या कलमाचा धाक. हे चालणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. आपल्या राज्याने 2014 मध्ये कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याऐवजी विभागावर भागवलं. म्हणजे अकोल्याच्या माणसानेही पोलिसांविरुद्ध दाद मागायला अमरावतीची वाट धरायची. कोठडीतला मृत्यू, बेकायदा अटक, खंडणी, लाच, यांची तक्रार तिथे करता येते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? प्रत्येक ठाण्याच्या दारावर त्या प्राधिकरणाचा पत्ता मोठ्या अक्षरात लागलाच पाहिजे, आणि प्राधिकरण जिल्ह्यात आलंच पाहिजे. ही मागणी ठराव म्हणून मी आत्ता मांडतो आहे.

आणि लेखकहो, तुमच्याकडे एक काम आहे. आपल्या गावात ज्याला लिहिता येत नाही, त्याचा अर्ज तुम्ही लिहा, त्याच्यासोबत ठाण्यात जा. ठाण्यात नोंद नाकारली तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा; तिथेही दखल नाही घेतली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ही वाट दिलेली आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.