पिशवी तीच, तेल कमी
2022 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, युक्रेनचं सूर्यफूल तेल युद्धात अडकलं आणि आपल्याकडची फोडणी महागली. अशा टंचाईत काही उत्पादक किंमत तीच ठेवून माल कमी भरतात.

तेलाची पिशवी नीट बघा. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. पिशवीवर 800 ग्रॅम छापलं असेल, तर ती लिटरची नव्हे, दिसायला कितीही तशीच असो. आणि हे बारीक अक्षरांत छापणं मला अन्यायाचं वाटतं.

वेष्टनावर दर ग्रॅमचा, मिलिलिटरचा किंवा किलोचा भावही असतो. वेष्टनाच्या नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीने तो सक्तीचा केला. तुलना त्याच आकड्यावर करा. छापल्यापेक्षा माल कमी भरला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा, अगदी मराठीतूनही.