परमुलखातलं आजारपण



आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणी आता यात्रेला देशाबाहेर जातात. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ करून आलेली एखादी आजी तुमच्याही वाडीत असेल. निघताना लाडवांचे डबे, स्वेटर, देवासाठी नारळ, सगळं आठवणीनं भरलं जातं. तिकडे आजारी पडलो तर काय, हा विषय मात्र कुणी काढत नाही. देवाला निघताना अभद्र कशाला बोलायचं, असं वाटतं. मी आज तेच बोलणार आहे, कारण मुक्तिनाथला माझ्यावर ती वेळ आली.

आधी ती जागा समजून घेऊ. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. मुक्तिनाथ नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यात सुमारे ३७०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. खालचं पोखरा शहर ८०० मीटरच्या आसपास. तिथून गंडकीच्या काठाकाठानं गाडी एक-दोन दिवसांत वर नेते. वर हवा विरळ, त्यामुळे दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. ते कुणालाही बाधू शकतं, तरुण आणि धडधाकट माणसालासुद्धा.

दर्शन झालं आणि माझं डोकं फुटायला लागलं. मग उलट्या. देवळाखालच्या रानीपौवा गावात आले तेव्हा पाय कुठल्या कुठे पडत होते. आमची बाकीची माणसं अजून वरच होती. माझ्याबरोबर फक्त माझी जाऊ, आणि दोघींच्या फोनला रेंज नाही. एका चहाच्या दुकानापुढे मी बसकण मारली.

दुकानाच्या मालकिणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातातलं काम टाकून ती बाहेर आली. मला उठवून चार पावलं चालायला लावलं. माझा तोल जातोय हे बघून तिनं खाली दरीकडे हात केला आणि म्हणाली, "जोमसोम." जोमसोम खाली, सुमारे २७०० मीटरवर. या आजारावर खरा उपाय एकच, लवकर खाली उतरणं. ते तिला पक्कं ठाऊक होतं.

माझी जाऊ घाबरली. अनोळखी मुलूख, अनोळखी बाई, जीप कुणाची ते माहीत नाही. तिचं घाबरणं बरोबरच होतं. त्या बाईला ते कळलं असावं. तिनं दुकान सुनेच्या ताब्यात दिलं, आमच्या माणसांना निरोप सांगायला एक पोरगा वर पिटाळला आणि स्वतः आमच्याबरोबर जीपमध्ये बसली. वाटभर माझं डोकं तिच्या मांडीवर. मला ती "बहिनी, बहिनी" म्हणायची. मला वाटलं वहिनी म्हणतेय. नेपाळीत बहिनी म्हणजे धाकटी बहीण.

जोमसोमला दवाखान्याच्या पाटीवर "अस्पताल" लिहिलेलं मी स्वतः वाचलं. नेपाळी भाषा आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात. परक्या देशात अक्षरं ओळखीची दिसली आणि फार धीर आला. तिथे बोटाला यंत्र लावलं, प्राणवायू दिला. रात्रीपर्यंत डोकं उतरलं.

मी पैसे पुढे केले. तिनं जीपचं भाडं तेवढं घेतलं. मोडक्या हिंदीत म्हणाली, "मेरा आदमी उधर मुंबई में चौकीदार है. पिछले साल बहुत बीमार पडा था." एवढंच. त्याला तिकडे कुणी पाहिलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मैत्रिणींनो, तुम्ही जाणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. वर जाताना जोमसोमला एक मुक्काम मागून घ्या. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर जाणवली तर बरोबरच्यांना लगेच सांगा आणि आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. एका कागदावर नाव, घरचा फोन, चालू गोळ्या आणि जुने आजार लिहून पिशवीत ठेवा. देवनागरीत लिहिलंत तरी तिथे वाचता येतं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आपलं आयुष्मान कार्ड तिकडे चालत नाही, म्हणून थोडे पैसे वेगळे बांधून ठेवा. तिथे रुग्णवाहिकेचा क्रमांक १०२ आहे. दोन शब्दही शिकून जा. डोकं दुखतं म्हणजे "टाउको दुख्यो". उलटीला "वान्ता" म्हणतात, आपली वांतीच.

आता एक काम आपल्या गावातलं. रत्नागिरीकडे आंब्याच्या हंगामात बागांच्या राखणीला नेपाळी माणसं येतात. काहींची बायकापोरंही बरोबर असतात. बागेतल्या खोपटात त्यातली एखादी तापानं पडली, तर तिला आपला दवाखाना कुठे हे माहीत नसतं, कुणाला हाक मारावी हेही कळत नाही. त्यांच्या डोंगरात आपण जेवढ्या परक्या, तेवढीच ती आपल्या वाडीत परकी.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत एवढं ठरवा. आपल्या वाडीच्या आसपास बाहेरून आलेली कुटुंबं किती, हे मोजा. दोघी-दोघींनी जाऊन त्या बायकांना भेटा. आशाताईंचा फोन आणि १०८ हा क्रमांक कागदावर लिहून द्या. देवनागरीतच लिहा, नेपाळी बाईला वाचता येईल. पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्रात जायची वेळ आली तर तिच्याबरोबर जा. नुसता पत्ता सांगून भागत नाही. जीपमध्ये कुणीतरी शेजारी बसावं लागतं.