पाण्याची वीज, विजेचे पाणी

बदलापूर-अंबरनाथला सकाळी नळाला पाणी आले, की घराघरांत बादल्या लागतात. हे पाणी आपल्याकडे येण्याआधी एक मोठे काम उरकून येते, हे मला फार उशिरा कळले.

मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. तिथले पाणी टाटांच्या भिवपुरी वीजगृहात पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून येते, जनित्रे फिरवते आणि मग उल्हास नदीत सोडले जाते. १९२२ पासून हे चालू आहे. म्हणून तर उल्हास भर मेमध्येही वाहते. तेच पाणी बदलापूरच्या बॅरेजवर जीवन प्राधिकरण उचलते. पुढे जांभूळला बारवीच्या पाण्यासह एमआयडीसी उचलते आणि उल्हासनगर ते तिच्याकडून विकत घेते.

मी सहज हिशेब मांडला. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून उतरले, की साधारण एक युनिटाहून थोडी जास्त वीज देते. तेच पाणी पंपाने साठ मीटर वर चढवायचे तर पाव युनिट लागते. म्हणजे ज्याने वीज दिली, त्यालाच वर चढवण्यासाठी आपण वीज विकत घेतो!

ही पाव युनिट सूर्याकडून घेता येईल. सौर विजेची अडचण साठवणुकीची. पण पाणीपुरवठ्यात ती अडचण बरीच हलकी होते, कारण दुपारी पंप चालवून जलकुंभ भरून ठेवला की झाले. टाकी हीच बॅटरी. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा महावितरण आहेच. जागेचे म्हणाल तर एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. उल्हासनगरात तेवढी मोकळी जागा शोधून पाहा! नदीकाठी पॅनेल लावावीत, तर २६ जुलै २००५ कोण विसरेल? पण २००३ च्या वीज कायद्याने ती पॅनेल सोलापूरच्या माळावर लावून वीज तारांवरून, वहन आकार भरून, इथे आणता येते.

मग अडते कुठे? मालकीत. मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण स्वतः बांधले, ते २०१४ मध्ये पूर्ण झाले. म्हणूनच तिथे २० मेगावॅट जलविद्युत आणि ८० मेगावॅट तरंगत्या सौर विजेची योजना तिला आखता आली. वाचलेला पैसा तिच्याच तिजोरीत राहणार. आपल्या तीन शहरांत पंप एकाचे, पाणीपट्टी दुसऱ्याची आणि नळ तिसऱ्याचा. पंपाचे वीजबिल कमी झाले, तर पाण्याचा दर किती उतरेल, हे करारात आधी लिहून घेतल्याशिवाय कोणती नगरपालिका पैसे घालील? माझा आग्रह एवढाच, की पॅनेलच्या निविदेआधी तो एक कागद सभागृहापुढे यावा.