मिशांनी वास घेणारा पतंग

पोळा झाला, पऱ्हाटीला पात्या-फुलं लागली. आता जिथं जावं तिथं एकच बोलणं, बोंडअळी आली का? 2017 साली आपण हे विचारायला उशीर केला. बोंड वरून धड दिसायचं, आत सरकी पोखरलेली. वेचणीला गेलेल्या आपल्याच बोटांना ते कळलं. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. म्हणून फवाऱ्याआधी आज वासाबद्दल बोलू.

बोंडअळीचा पतंग रात्री उडतो. डोक्यावरच्या दोन मिशांनी तो वास घेतो. प्रत्येक झाडाचा वास हवेत पसरत असतो. शेजारणीनं फोडणी दिली की आपल्याला भिंतीपलीकडून कळतं ना, तसं मादीला पीक कळतं. ती त्या वासावर येते आणि अंडी घालते. हिरवी बोंडअळी, तीच हरभऱ्यावरची घाटेअळी, तिच्या मादीला झेंडूची मोठी ओढ. म्हणून धुऱ्यावर झेंडू लावायला सांगतात. दसऱ्याला फुलं मिळतात तो वेगळा फायदा. पण झेंडूवरच्या अळ्या वेचून मारायला हव्यात, नाहीतर आपण किडीसाठी खानावळच उघडली म्हणायची! गुलाबी अळीला झेंडूचं काही नाही. तिला कपाशीखेरीज भेंडी आणि अंबाडी चालते. वावराजवळ जुनी भेंडी उभी असेल तर तीही बघत जा.

दुसरा वास मादीचा. नराला बोलवायला ती तो सोडते. कामगंध सापळ्यातल्या ल्यूरला तोच वास असतो. इथं आमच्या गटाची फजिती झाली. सापळा पतंगांनी भरला तशी एक काकू म्हणाल्या, "झालं, अळी संपली." आम्हीही मान डोलावली. पण सापळ्यात नुसते नर येतात. अंडी घालणारी मादी वावरातच राहते. एकरी दोन सापळे लावून कीड संपत नाही, ती किती आली ते फक्त समजतं. आणखी एक चूक म्हणजे एकीनं हिरव्या अळीची ल्यूर लावून गुलाबीची वाट पाहिली. प्रत्येक किडीचा वास वेगळा, ल्यूरही वेगळी. घेताना पाकीट वाचून घ्या, मुदत संपली की बदला.

सापळा पिकाच्या वर फूटभर ठेवा. एका सापळ्यात एका रात्री आठ गुलाबी पतंग, असं सलग तीन रात्री झालं तर सावध व्हा. मग वावरभर फिरून वीस झाडांची एकेक हिरवी बोंडं फोडा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली तरच औषधाचा विचार, तोही कृषी सहायकांना विचारून. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखी झालेली डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा. त्याला पैसा लागत नाही.

एक गोष्ट आम्हाला फार आवडली. अळीनं पान कुरतडलं की कपाशी निराळा वास सोडते, आणि त्या वासावर अळीत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या येतात. झाड स्वतःच मदतीला बोलावतं. उगाच लवकर फवारलं तर आधी त्याच मरतात.

उद्या सकाळी सापळा उघडा, पतंग मोजा, तारखेसह लिहा. पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत ती वहीही आणा, सगळ्यांचे आकडे एकत्र मांडून पाहू.