कुंपणाबाहेरच्या माणसांचे काय?

(मनमाड येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



मालवाहतूक म्हणजे काय, हे मनमाडकरांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रेल्वेचे जंक्शन, अन्न महामंडळाची धान्यकोठारे, पानेवाडीचे इंधन डेपो आणि महामार्गावरून अहोरात्र धावणारे टँकर यांच्या सान्निध्यात हे शहर वाढले. देशाचे धान्य आणि इंधन येथून पुढे जाते, याचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्यामागचा धूर आणि गोंगाट कोण सोसते, हेही आपण जाणता. म्हणूनच पुरंदरचा प्रश्न आपल्यापुढे मांडावासा वाटतो.

पुणे जिल्ह्यातील वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांच्या भूमीवर प्रवासी आणि मालवाहतुकीसाठी विमानतळ प्रस्तावित आहे. ही जागा २०१६ साली पुढे आली. मे २०२५ मध्ये सर्वेक्षणाच्या वेळी ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. चर्चा होते ती जमिनीची आणि मोबदल्याची. ती झालीच पाहिजे. पण ज्यांची जमीन जाणार नाही, म्हणून ज्यांना मोबदलाही मिळणार नाही, परंतु ज्यांना आयुष्यभर कुंपणालगत राहायचे आहे, त्यांच्या आरोग्याचा हिशेब कोण मांडणार?

जलद मालवाहतुकीचे बरेचसे काम रात्री चालते. दिवसभर गोळा केलेला माल रात्री उडतो आणि सकाळी पोहोचतो. जर्मनीतील लाइपझिग विमानतळावर २००८ पासून हेच चित्र आहे. त्याच वर्षी युरोपातील सहा मोठ्या विमानतळांभोवतीच्या रहिवाशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रात्रीचा विमानांचा आवाज दहा डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी केलेल्या शिफारशीत विमानांच्या आवाजाची रात्रीची मर्यादा ४० डेसिबल सांगितली. आपल्याकडे २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. २०१८ च्या अधिसूचनेने वर्दळीच्या विमानतळांच्या परिसरासाठी मात्र ती ६५ ठेवली. हा फरक केवळ वीस अंकांचा नव्हे. डेसिबलच्या गणितात तो ध्वनिऊर्जेच्या शंभर पटींचा आहे!

हवेचेही तसेच. लॉस एंजेलिस विमानतळापासून वाऱ्याच्या दिशेने सोळा किलोमीटरपर्यंत अतिसूक्ष्म कणांची संख्या दुप्पट असल्याचे २०१४ च्या अभ्यासात दिसले. शिवाय विमानातला माल आणण्या-नेण्यास ट्रक लागतातच, आणि डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केले आहे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. पुरंदरचा बराचसा भाग पर्जन्यछायेत मोडतो. अंजीर आणि सीताफळाच्या बागा तेथे कष्टाने उभ्या राहिल्या. शेकडो एकर भूमी काँक्रीटखाली गेली, ओढे वळवले गेले, तर विहिरींत पाणी मुरणार कोठून? वागदर्डीच्या तळाकडे डोळे लावून उन्हाळे काढलेल्या मनमाडकरांना याचे उत्तर कोणी सांगावयास नको.

याचा अर्थ विमानतळ नकोच, असा नव्हे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला परदेशी बाजारपेठ हवी आहे आणि ओझरला मालवाहतुकीची सोय आहे. असलेल्या सोयींचा पूर्ण वापर झाला का, हे आधी पाहावे. नंतर नव्याचा विचार करावा.

आणि नवे होणारच असेल, तर कायद्याने दिलेला अधिकार गमावू नये. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची किमान तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. तो वाचा. गावोगावी त्याचे सामूहिक वाचन करा. रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा किती? आवाजाचा नकाशा कोठे आहे? शाळा आणि रुग्णालये त्यात कोठे येतात? काम सुरू होण्यापूर्वी गावकऱ्यांची आरोग्यतपासणी होऊन तिची नोंद राहणार का? हे प्रश्न लेखी द्या आणि उत्तरेही लेखी घ्या.

विकास राष्ट्राचा असेल, तर त्याचा भार केवळ कुंपणालगतच्या गावांनी का वाहावा? हा प्रश्न विचारणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे, ते जागरूक नागरिकाचे कर्तव्यच आहे.