शुक्रवारच्या संध्याकाळचा आशीर्वाद

सणावाराला मूल पाया पडायला वाकते. आपण हातातले काम न सोडता म्हणतो, "हां हां, मोठा हो!" मूल उठून खेळायला पळते. आशीर्वाद दिला गेला खरा. पण तो त्याला पोचला का? या बाबतीत यहुदी लोकांच्या घरातली एक जुनी चाल ऐकण्यासारखी आहे.

हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल हे यहुदीच. मायबोली मराठी, आणि पूर्वीचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक लोक इस्राएलला गेले; थोडे इथे राहिले.

हा शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. तो सुरू होतो शुक्रवारी सूर्यास्ताला. दिवे आधीच लावलेले असतात, घरची माणसे जेवायला जमतात. तेव्हा पुष्कळ यहुदी घरांत आईबाप एकेका मुलाला जवळ घेऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. मुलगा असेल तर त्याने एफ्राइम आणि मनश्शे यांच्यासारखे व्हावे, मुलगी असेल तर सारा, रिबका, राहेल आणि लेआ या पूर्वमातांसारखे व्हावे, असे म्हणतात. मग देवाने रक्षण करावे, कृपा करावी, शांती द्यावी, अशी प्रार्थना होते.

एफ्राइम आणि मनश्शे हे याकोबाचे नातू. मिसर देशात जन्मले, तिथेच वाढले. तरी आजोबांच्या घराण्याचेच राहिले. म्हाताऱ्या याकोबाने उजवा हात ठेवला तो धाकट्याच्या डोक्यावर. पण त्यावरून भावांचे भांडण झाल्याचे कथेत नाही. परमुलखात आपलेपण टिकवणारे आणि एकमेकांचा हेवा न करणारे भाऊ, असे लोक त्यांच्याकडे पाहत आले.

त्याच ग्रंथात याच्या उलट गोष्टही आहे. इसहाक आंधळा झालेला. धाकट्या याकोबाने थोरल्या एसावाचे सोंग घेऊन बापाचा आशीर्वाद मिळवला. एसाव आला तेव्हा मोठमोठ्याने रडला. बापाजवळ देण्यासारखा एकच आशीर्वाद आहे का, मला काहीच उरले नाही का, असे त्याने विचारले. मंडळी, हा प्रश्न प्रत्येक घरात कोणते ना कोणते मूल मनातल्या मनात विचारीत असते.

म्हणूनच ठरलेले शब्द म्हणून झाल्यावर कितीतरी आईबाप मुलाच्या कानात दोन शब्द आपले स्वतःचे घालतात. "परवा धाकटीला हात धरून ओढ्यापार नेलेस, ते मी पाहिले. तुझा हात असाच आधाराचा राहो." ठरलेले शब्द मुलाला पूर्वजांशी जोडतात. हे दोन शब्द त्याला सांगतात की, आमचे तुझ्याकडे लक्ष आहे. दोन्ही हवेत.

मात्र ते शब्द खरे हवेत. "देव तुला अक्कल देवो, म्हणजे तू अभ्यास करशील," हा आशीर्वाद नव्हे. ती बोलणी झाली! "दादासारखी हो," हेही नको. त्यात एसावाचे रडणे आहे. जे मुलात खरोखर दिसले तेच बोलावे, थोडके बोलावे. आठवडाभर रागे भरलो असलो, तरी त्या घटकेला तो राग बाजूला ठेवावा.

गुरुजींनो, आणि बाईंनो, तुमच्या वर्गात चाळीस-पन्नास डोकी असतील. रोज सर्वांना जमणार नाही. पण रोज एकाला जमेल. "तुझी वही बघितली. खोडलेले गणित तू पुन्हा केलेस, छान केलेस," एवढे त्याच्याजवळ जाऊन म्हणा. वर्षभरात प्रत्येकाची पाळी चार-पाच वेळा येईल. फक्त शेवटच्या बाकावरच्याला विसरू नका.

आपली चाल आपल्याजवळ आहेच. मूल पाया पडायला वाकले की हातातले काम खाली ठेवावे, त्याला उठवून त्याच्या डोळ्यांकडे पाहावे, नाव घ्यावे, आणि मग बोलावे.